खाऱ्या मुलखातले जीव : प्रस्तावना

पंढरपूर समुद्रकिनाऱ्यापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक आत आहे. भीमेला भरती येत नाही आणि तिच्या काठी मिठागरही नाही. तरीही या तालुक्यातल्या आणि शेजारच्या माळशिरस-मोहोळकडच्या कालव्याखालच्या शेतकऱ्याला मीठ चांगले ओळखता येते. उन्हाळ्यात शेताच्या सखल कोपऱ्यात पांढरा पापुद्रा चढतो. ऊस पिवळा पडून खुरटतो. पावसात तीच जमीन चिकट होते, पाणी वरच तुंबून राहते आणि ओल गेली की ढेकूळ फुटता फुटत नाही. अशा जमिनीला आपण खारवट म्हणतो, फार बिघडली तर चोपण म्हणतो, आणि शेवटी ‘जमीन मेली’ म्हणून तिचा नाद सोडतो. ती मेलेली नसते, हे या पुस्तकाचे पहिले सांगणे आहे. उसाने सोडलेल्या त्या मातीत मिठाशी जुळवून घेतलेले, काही तर मिठावाचून न जगणारे असंख्य सूक्ष्मजीव नांदत असतात.

त्यांचे वर्गीकरण आणि त्यांचे वैविध्य हा या पुस्तकाचा विषय. ते मुख्यतः पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असले, तरी शेतीत, मिठागरात किंवा शाळेत काम करणाऱ्या कोणालाही वाचता यावे अशी अपेक्षा आहे. वर्गीकरण म्हटले की विद्यार्थ्यांपुढे पाठ करायच्या नावांची यादी उभी राहते. मला वाटते, वर्गीकरण हा प्रश्न विचारण्याचा एक मार्ग आहे. हा जीव कोणाचा नातलग, तो येथे कसा टिकला, आणि त्याच्या शेजाऱ्याने तेच संकट वेगळ्या रीतीने का सोडवले, हे प्रश्न खाऱ्या जागी जितके ठळक दिसतात तितके क्वचितच दुसरीकडे दिसतात.

मीठ बहुतेकांना का सोसत नाही, तेथून सुरुवात करू. पेशीच्या आवरणातून पाणी सहज ये-जा करते. मीठ तितक्या सहज जात नाही. बाहेर मीठ वाढले की आतले पाणी बाहेर ओढले जाते, पेशी आकसते आणि तिचे कामकाज थांबते. कैरीचे लोणचे वर्षभर टिकते, कोकणातले खारवलेले बांगडे पावसाळाभर पुरतात, ते याच कारणाने. पण मिठाने सगळ्यांनाच अटकाव होत नाही. खारवलेल्या माशांवर आणि कातड्यांवर लाल डाग पडून माल बिघडतो, ही तक्रार युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून होती. त्या डागांचा माग काढतानाच हे शास्त्र उभे राहिले. पुढे बेंजामिन एलाझारी-व्होल्कानी या नावाने प्रसिद्ध झालेल्या तरुण संशोधकाने १९३६ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मृत समुद्रातल्या जिवंत सूक्ष्मजीवांची नोंद प्रसिद्ध केली. १९७५ मध्ये मुल्लाखानभाई आणि लार्सेन यांनी मृत समुद्रातल्या एका सूक्ष्मजीवाचे वर्णन केले आणि त्याला व्होल्कानींचे नाव दिले. तो आज हॅलोफेरॅक्स व्होल्कॅनी म्हणून ओळखला जातो आणि जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवला जातो.

या जीवांना ओळीत लावण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे त्यांना मीठ किती लागते ते मोजणे. कॅनडातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉन कुश्नर यांनी १९७० च्या दशकात मांडलेली विभागणी आजही वापरात आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, हे लक्षात ठेवले की तिचा अंदाज येतो. लिटरमागे साधारण १२ ग्रॅमपेक्षा कमी मिठात ज्यांची वाढ उत्तम होते ते लवणप्रेमी नव्हेत. १२ ते ३० ग्रॅमला उत्तम वाढणारे सौम्य लवणप्रेमी. समुद्रातले बहुतेक जीवाणू येथेच बसतात. ३० ते १४५ ग्रॅमचे मध्यम, आणि १४५ पासून ३०० ग्रॅमपर्यंत, म्हणजे पाण्यात मीठ विरघळायचे थांबते त्या हद्दीपर्यंत, सुखाने वाढणारे ते तीव्र लवणप्रेमी. मध्यम आणि तीव्र यांच्या सीमेवर रेंगाळणाऱ्यांचा कुश्नर यांनी आणखी एक गट केला. याशिवाय लवणसहिष्णू जीव आहेत. त्यांना मिठाची गरज नसते, पण मीठ चालते. फोडा-जखमांत आढळणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस साडेसात टक्के मिठातही वाढतो, म्हणून त्याला वेगळा काढण्यासाठी प्रयोगशाळेत तेवढ्या मिठाचेच माध्यम वापरतात.

ही विभागणी उपयोगी आहे, पण तिच्या मर्यादा सुरुवातीलाच सांगायला हव्यात. तापमान बदलले, खाद्य बदलले, सोडियमसोबत मॅग्नेशियम किती आहे हे बदलले, की त्याच जीवाची मिठाची गरज सरकते. एखादा जीवाणू ५ ग्रॅमलाही वाढतो आणि २०० ग्रॅमलाही. त्याची जागा ठरवताना तो सर्वांत चांगला कोठे वाढतो हे पाहावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मिठाच्या मापाने त्या जीवाची राहणी कळते, कूळ कळत नाही.

कूळ कळण्याचा रस्ता १९७७ मध्ये खुला झाला. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधल्या आरएनएची तुलना करून दाखवले की, जीवाणूंसारखे दिसणारे काही सूक्ष्मजीव जीवाणूंपासून फार पूर्वी फुटलेल्या वेगळ्या शाखेचे आहेत. या शाखेला पुढे आर्किया हे नाव रूढ झाले. मिठागरे लाल करणारे हॅलोबॅक्टेरियम आणि त्याचे भाऊबंद याच शाखेत जाऊन बसले. नावात बॅक्टेरिया असला तरी ते जीवाणू नव्हेत, आणि वंशाने ते जीवाणूंपेक्षा मिथेन तयार करणाऱ्या आर्कियांना जवळचे आहेत. त्यांच्या वर्गातले जवळजवळ सगळे सदस्य मिठाशिवाय जगूच शकत नाहीत. मात्र लवणप्रेम ही या एका कुळाची मिरास नाही. हॅलोमोनास, मॅरिनोबॅक्टर, हॅलोबॅसिलस हे लवणप्रेमी जीवाणू वेगवेगळ्या घराण्यांतले आहेत. ड्युनालिएला सलायना हे हिरव्या शैवालांच्या कुळातले, हॉर्टिया वेर्नेकी ही काळी बुरशी. त्यांच्यासोबत मीठ पचवणारे आदिजीव आहेत आणि या सर्वांवर वाढणारे विषाणूही. आळंदी, देहू, पैठण, मुक्ताईनगर येथून निघालेल्या पालख्या वेगवेगळ्या वाटांनी येऊन वाखरीला भेटतात, तशी ही कुळे वेगवेगळ्या वाटांनी एकाच खाऱ्या मुक्कामावर पोहोचली आहेत. लवणप्रेम हा वंश नव्हे, ती अनेक वंशांनी आपापल्या परीने कमावलेली राहणी आहे. हे एक वाक्य वाचकाने मनात ठेवले तर पुढची सर्व प्रकरणे त्याला सोपी जातील.

या कमाईच्या मुख्य रीती दोन. पहिली रीत अशी की बाहेर जितके मीठ, तितकेच आतही भरून ठेवायचे. फक्त सोडियमऐवजी पोटॅशियम घ्यायचे. लाल आर्किया असेच जगतात. त्यासाठी त्यांना आपले जवळजवळ प्रत्येक प्रथिन बदलावे लागले. त्यांच्या प्रथिनांवर आम्लधर्मी घटकांची इतकी रेलचेल असते की दाट मिठातच त्यांचा आकार टिकतो. म्हणून हॅलोबॅक्टेरियम गोड्या पाण्यात टाकला तर क्षणात फुटतो. दुसरी रीत अशी की मीठ बाहेरच ठेवायचे आणि पाणी आत धरून ठेवणारे निरुपद्रवी रेणू पेशीत साठवायचे. ड्युनालिएला ग्लिसरॉल साठवते. पुष्कळ जीवाणू एक्टॉइन किंवा ग्लायसिन बीटेन साठवतात. ही रीत खर्चिक आहे, कारण रेणू बनवायला ऊर्जा लागते. पण तिच्यात मोकळीक आहे. मीठ कमी झाले की रेणू सोडून द्यायचे, वाढले की पुन्हा बनवायचे. जेथे मिठाचे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलते, तेथे दुसऱ्या रीतीच्या जीवांचे फावते. आपल्या पावसाळी प्रदेशात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे.

रीत आणि वंश यांची सांगड नेहमीच जुळते असे नाही, हे सॅलिनिबॅक्टर रुबरने दाखवून दिले. स्पेनमधल्या मिठागरांतून वेगळा काढलेला हा लाल जीव २००२ मध्ये वर्णिला गेला. तो शंभर टक्के जीवाणू आहे, पण राहतो आर्कियासारखा. आत पोटॅशियम भरतो, प्रथिने आम्लधर्मी ठेवतो, रंगही लाल धारण करतो. दोन दूरच्या वंशांना एकाच संकटाने एकाच घाटाचे बनवल्याचे इतके स्वच्छ उदाहरण जीवशास्त्रात थोडेच सापडेल. आकाराच्या बाबतीतही या जगाने शास्त्रज्ञांना चकित केले. अँथनी वॉल्स्बी यांनी १९८० मध्ये सिनाईतल्या एका खाऱ्या डबक्यातले सपाट, चौकोनी पेशींचा सूक्ष्मजीव वर्णिला. प्रयोगशाळेत तो वाढवायला २००४ साल उजाडले. आज त्याचे नाव हॅलोक्वाड्राटम वॉल्स्बी असे आहे. डोळ्यांनी दिसलेला जीव ताटलीत यायला दोन तपे लागतात, हे धडपडणाऱ्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे.

आता महाराष्ट्राकडे येऊ. खाऱ्या जागांचे दोन मोठे प्रकार मानतात. ज्यांचे मीठ समुद्रातून आले त्या समुद्रजन्य, आणि ज्यांचे मीठ खडक, माती व भूजल यांतून आले त्या भूजन्य. आपल्या राज्याकडे दोन्ही आहेत, आणि हे आपले भाग्य आहे.

पहिल्या प्रकारात मुंबईच्या पूर्व उपनगरांतली, वसईची, उरण-पेणची मिठागरे येतात. खाली शिरोड्याची, मे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने इतिहासात गेलेली मिठागरे येतात, आणि त्यापुढे, राज्याबाहेर, गोव्याची. मिठागर हे निसर्गाने मांडलेले वर्गीकरणाचे पुस्तकच असते. भरतीचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत नेतात आणि उन्हाने ते दाट होत जाते. आधी चुनखडी बसते, मग जिप्सम, आणि पाणी मूळच्या सुमारे दहापट दाट झाले की मीठ धरू लागते. प्रत्येक टप्प्यावर रहिवासी बदलतात. सुरुवातीच्या वाफ्यांत समुद्रातलेच जीव असतात. मधल्या वाफ्यांच्या तळाशी नील-हरित जीवाणूंचे जाड थर पसरतात. शेवटच्या, मीठ धरणाऱ्या वाफ्यात बहुतेक सगळे माघार घेतात. उरतात ती ड्युनालिएला आणि लाल आर्किया, तीही अशा संख्येने की एका मिलिलिटरमध्ये कोट्यवधी पेशी असू शकतात. त्यांच्या रंगाने पाणी गुलाबी होते, गडद पाणी जास्त ऊन शोषते आणि मीठ लवकर धरते. मीठ पिकवणाऱ्याला हा न दिसणारा मजूर फुकटात मिळालेला असतो.

आपल्या मिठागरांचे वेगळेपण पावसाळ्यात आहे. जून उजाडला की सगळे वाफे गोड्या पाण्याखाली जातात. गोड्या पाण्यात फुटणारे आर्किया मग पुढच्या हंगामात कोठून येतात? त्यांतले काही मिठाच्या खड्यांत अडकलेल्या खाऱ्या थेंबांत जिवंत राहतात, काही गाळात तग धरतात. गोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी गोव्याच्या मिठागरांतले लाल आर्किया वेगळे काढून अभ्यासले आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनेही किनाऱ्यावरच्या आणि लोणारच्या लवणप्रेमींवर दीर्घकाळ काम केले आहे. दरम्यान मुंबईतल्या मिठागरांच्या जमिनीवर घरे बांधण्याचे निर्णय झाले आहेत. त्या चर्चेत पुराचा, खारफुटीचा, पक्ष्यांचा विचार होतो. वाफ्यातल्या या वस्तीचाही व्हायला हवा.

दुसऱ्या प्रकाराचा मुकुटमणी लोणार. बुलडाणा जिल्ह्यातले हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात झाले. आर्गॉन पद्धतीने केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनात त्याचे वय सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे आले. आधीच्या एका मापनात ते बावन्न हजारांच्या आसपास होते. तळाशी साचलेल्या पाण्याला बाहेर वाट नाही. त्यात मिठाबरोबर सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट असल्याने त्याचा सामू दहाच्या आसपास राहतो. येथे टिकायचे तर मीठ आणि अल्कली दोन्ही सोसावे लागतात. हैदराबादच्या सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी केंद्राच्या संशोधकांनी लोणारमधून जीवाणूंच्या नव्या प्रजातीच नव्हे, तर नव्या प्रजाती-समूहांचीही नोंद केली. इंडिबॅक्टर अल्कलिफिलस आणि नायट्रिटालिया हॅलअल्कलिफिला या २०१० मधल्या, सेसेम्बिया लोनारेन्सिस २०१२ मधली. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. आघारकर संस्थेच्या तपासणीत त्या रंगामागे लाल रंगद्रव्य बाळगणारे लवणप्रेमी आर्किया निघाले. पाणी आटून खारटपणा वाढला आणि एरवी संख्येने थोडे असलेले जीव बहुसंख्य झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आले.

आणि मग आपली भीमा-नीरेची माती. तिच्यातले मीठ समुद्रातून आलेले नाही. बेसाल्ट झिजताना सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटतात. कालव्याचे पाणी वर्षानुवर्षे मुरून भूजल वर येते, ते क्षार सोबत आणते, ऊन पाणी उडवून नेते आणि क्षार वर राहतात. निचरा नसलेल्या भारी काळ्या मातीत हे लवकर घडते. ही गोष्ट नवी नाही. हॅरल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवरचा आपला अहवाल १९१० मध्येच मुंबई इलाख्याच्या शेती खात्यातर्फे प्रसिद्ध केला. तीच नीरा नरसिंहपूरला भीमेत मिळते आणि ते पाणी पुढे पंढरपुरात येते. उजनी धरणानंतर बारमाही ओलिताचे क्षेत्र वाढले, उसाबरोबर हा प्रश्नही वाढला.

मातीतली लवणप्रेमी सृष्टी मिठागरापेक्षा निराळी असते. मिठागराच्या शेवटच्या वाफ्यात थोडेच वंश प्रचंड संख्येने असतात. खारवट मातीत एका चमच्यात शेकडो सूक्ष्म परिसर असतात. मुळाजवळ क्षारांचे प्रमाण निराळे, पापुद्र्यात अतोनात, पावसाळ्यात नगण्य, मे महिन्यात असह्य. म्हणून येथे दुसऱ्या रीतीचे, म्हणजे गरजेप्रमाणे रेणू साठवणारे जीवाणू प्रबळ असतात. बॅसिलस आणि हॅलोबॅसिलससारखे बीजाणू धरणारे, हॅलोमोनास, तसेच नोकार्डिऑप्सिससारखे तंतुरूप जीवाणू खाऱ्या मातीत जगभर सापडतात. यांपैकी काही मुळांभोवती राहून पिकाला मदत करतात. ते चिकट बहुशर्करा स्रवून सोडियम बांधून ठेवतात, ताणाच्या वेळी झाडात वाढणाऱ्या इथिलीनचा पूर्वघटक खाऊन टाकतात. याचा अर्थ जिप्सम टाकणे आणि चर काढून निचरा करणे यांना जीवाणू हा पर्याय आहे असा नाही. पाणी आणि क्षार बाहेर गेल्यावाचून जमीन सुधारत नाही. जीवाणू त्या सुधारणेला हातभार लावू शकतात, एवढेच प्रामाणिकपणे सांगता येते. बाटलीतून चमत्कार विकणाऱ्यांपासून शेतकऱ्याने सावध राहावे.

लवणप्रेमींचा माणसाला उपयोग काय, असे विचारणाऱ्यांसाठी उत्तरे भरपूर आहेत. ड्युनालिएलापासून बीटा-कॅरोटीन मिळते. एक्टॉइन त्वचेच्या मलमांत जाते. लोणारच्या हॅलोमोनासपासून निसर्गात विघटन होणारे प्लॅस्टिक बनवता येते, हे आघारकर संस्थेतल्या संशोधकांनी दाखवले. १९७१ मध्ये ऑस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस यांनी हॅलोबॅक्टेरियमच्या जांभळ्या पटलात प्रकाशावर चालणारे एक प्रथिन शोधले; त्याच प्रथिनाच्या रचनेवर काम करता करता रिचर्ड हेंडरसन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाचे तंत्र पुढे नेले आणि २०१७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये ते वाटेकरी झाले. तरीही उपयोग हे अभ्यासाचे एकमेव कारण मानू नये. काय आहे हे माहीत नसेल तर काय उपयोगी हेही कळत नाही; यादी आधी, उपयोग नंतर.

यादी करायची कशी, हेही सांगितले पाहिजे. मातीतला डीएनए वाचून कोण कोण आहे ते झटपट कळते, पण तो जीव खातो काय, किती मीठ मागतो, हे ताटलीत वाढवल्यावाचून ठरत नाही. लवणप्रेमी सावकाश वाढतात. ताटल्या पिशवीत बंद करून, सुकू न देता, आठवडेच्या आठवडे ठेवाव्या लागतात. तिसऱ्या दिवशी फेकून देणाऱ्याला ते कधीच दिसत नाहीत. नवी प्रजाती जाहीर करायची तर तिचा जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. असा संग्रह आपल्या राज्यात, पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात आहे. पंढरपूरहून तो एका दिवसाच्या जाऊन-येऊन प्रवासावर आहे.

म्हणून या प्रस्तावनेचा शेवट विनंतीने करतो. सोलापूर जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतून सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुला-मुलींपैकी अनेकांच्या घरी कालव्याखालची जमीन आहे. प्रकल्पासाठी नमुना कोठून आणावा, असा प्रश्न पडेल तेव्हा दूर जाऊ नका. आपल्याच शेताचा खारवट कोपरा घ्या. मे महिन्यात एक नमुना, ऑगस्टमध्ये दुसरा, दिवाळीनंतर तिसरा. प्रत्येक वेळी क्षारता आणि सामू मोजा, जागा व तारीख लिहून ठेवा, निरनिराळ्या मिठाच्या ताटल्यांवर पेरा आणि धीर धरा. निकाल काय आला ते वडिलांना, गावातल्या शेतकऱ्यांना मराठीत सांगा. भीमा खोऱ्यातल्या खाऱ्या मातीची जीवनोंद अशाच वह्यांतून तयार होईल, आणि ती तयार करण्याची पहिली जबाबदारी या मातीवर वाढलेल्यांची आहे.